निळा दिवा आणि सोळाशे एकेचाळीस वाक्यं

मित्रांनो, टेबलाच्या तिसऱ्या खणात एक वाकडी कात्री, दोन सुकलेली पेनं, कुठल्या कुलपाची ते कुणालाच आठवत नाही अशी एक किल्ली आणि मी, असे आम्ही राहतो. मी एक जुनी हार्ड डिस्क. रंगाने काळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्याला पोचा आलेली. घरात मला कुणी हार्ड डिस्क म्हणत नाही. सगळे 'डबी' म्हणतात. माझ्या पाठीवर एक पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर आईंच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं आहे, 'यावर काहीही लिहू नये.' हे मला मिळालेलं पदक आहे असं समजू नका. ती माझ्या गुन्ह्याची पाटी आहे. तो गुन्हा आज तुम्हाला सांगायचा आहे. सांगताना लाज वाटते, पण न सांगता खणात पडून राहण्याची लाज त्याहून मोठी आहे.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, कारण माझ्या पोटातल्या गुळगुळीत तबकडीवर धुळीचा एक कण बसला तरी मी कामातून जाणार होते. माझी चार वेळा तपासणी झाली आणि चारही वेळा मी पास झाले. मला तीनच गोष्टी शिकवल्या होत्या. दिलेलं ठेवायचं, मागितलेलं द्यायचं आणि पूस म्हटलं की पुसायचं. तिसरी गोष्ट मी तेव्हा फारशी मनावर घेतली नव्हती.

मी ज्या घरात आले तिथे तीन माणसं होती. बाबा गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून, स्वतःच्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवून, त्यांनी निम्म्या गावाला रस्त्यावर आणलं होतं. घरी जेवतानासुद्धा कुणी घाईत बोललं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. दिवसभर नळ्यांवरची नावं दोनदा वाचायची आणि मगच चिकटपट्टी लावायची, हे त्यांचं काम. बाबा त्यांना गमतीने 'साहेब' म्हणत. तिसरी त्यांची लेक. तिची नोकरी दुसऱ्या गावात होती, पण घरातल्या संगणकाचा कारभार तिच्याच हातात होता.

दर शनिवारी सकाळी आई मला संगणकाला जोडायच्या, बटण दाबायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. तिथून हाक यायची, "अहो, दिवा लागला का?"

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "लागला, लागला."

दिवा म्हणजे माझ्या कपाळावरचा निळा दिवा. मी काम करत असले की तो लुकलुकतो. झालं, एवढीच आमच्या बॅकअपची पूजा. आत काय गेलं, किती गेलं, धड गेलं का, हे कुणी कधी उघडून पाहिलं नाही. आणि का पाहावं? एकदा संगणकावर पाण्याची बाटली आडवी झाली आणि तो जागीच मेला. तेव्हा नवीन संगणकात मी एका दुपारात सगळं घर परत आणून दिलं होतं, फोटो, विम्याचे कागद, बाबांच्या शिकाऊंच्या याद्या, सगळं. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "डबी दिसायला काळी, पण सोनं आहे सोनं!" मी फुगले. त्या दिवसापासून माझ्या दिव्यावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. दिव्याखाली अंधार असतो असं म्हणतात ना, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास लेकीने माझ्यात जागा वाचावी म्हणून एक सोय करून ठेवली. संगणकात जे आहे, हुबेहूब तेच डबीत ठेवायचं. तिथे नवीन आलं तर इथे घ्यायचं. तिथून एखादी गोष्ट गेली तर एकदा विचारायचं आणि इथूनही काढून टाकायची. सोय चांगली होती. चार वर्षं तिने कुणाचं काही बिघडवलं नाही.

मग बाबांच्या घशाला गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल. ज्या माणसाने तीस वर्षं ब्रेकच्याही आधी आवाजाने गाड्या थांबवल्या, त्याला हे सांगितलं गेलं. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा बराच वेळ बोलत बसले होते. कशाबद्दलही. गळक्या नळाबद्दल, समोरच्यांच्या मांजराबद्दल. आई मधे एकदाही उठल्या नाहीत.

रुग्णालयात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. शस्त्रक्रियेच्या आधी बाबांनी आपल्या आवाजात वाक्यं बोलून संगणकात साठवायची. पुढे एक यंत्र त्या वाक्यांचे तुकडे जुळवून बाबांचाच आवाज तयार करील. बाबा टाइप करतील आणि यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. "मात्र निदान हजार वाक्यं हवीत," बाई म्हणाल्या. "त्याच्या खाली गेलं तर आवाज तुमच्यासारखा लागणार नाही."

बाईंनी सोळाशे वाक्यांची यादी दिली. पुढचे तीन आठवडे रोज दुपारी बाबा दाराला जाड रजई टांगून बसायचे आणि वाचायचे. 'आज हवा कोरडी आहे.' 'लाल पेटीत सात चमचे आहेत.' त्या वाक्यांना ना शेंडा ना बुडखा. मधेच कुत्रं भुंकलं की पुन्हा पहिल्यापासून. घसा दुखायचा, तरी ते थांबले नाहीत. यादी संपल्यावर ते स्वतःच्या मनाने आणखी एकेचाळीस वाक्यं बोलले. 'क्लच हळू सोडा, त्यालाही जीव आहे.' 'आरसा केस विंचरायला नाही, मागचं बघायला आहे.' 'साहेब, चष्मा डोक्यावर आहे.' शेवटची काही ते दार लावून, अगदी हळू बोलले. ती काय होती ते मी सांगणार नाही. निदान तेवढी तरी लाज माझ्यात शिल्लक आहे.

शनिवारी ती सगळी वाक्यं माझ्याकडे आली. एकूण सोळाशे एकेचाळीस. मित्रांनो, मी आयुष्यात बरंच काही साठवलं, पण इतकं मोलाचं कधी नाही. मी ती तळहाताच्या फोडासारखी जपली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी आणि हातात छोटी पाटी घेऊन. आता शनिवारी आईंची हाक आली की बाबा टेबलावर दोन टिचक्या मारायचे. टक टक. म्हणजे दिवा लागला.

जखम भरल्यावर ते बोलणारं यंत्र जोडायचं होतं, पण संगणकाची सिस्टीम त्याला चालेना. फार जुनी होती. म्हणून लेक दोन दिवसांची रजा काढून आली. मोठी शिस्तीची पोर. "आधी डबी, मग उडी," असं म्हणत तिने अपग्रेडच्या आधी पूर्ण बॅकअप घेतला. मग नवीन सिस्टीम चढवली. ती चढायला अर्धा दिवस गेला. नव्या सिस्टीमने जुन्या घरातलं सगळं सामान एका बाजूच्या फोल्डरमध्ये ढकललं आणि पाटी लावली, 'हे दहा दिवसांनी आपोआप काढून टाकलं जाईल.' लेकीने त्यातून फोटो आणले, कागदपत्रं आणली, बाबांच्या याद्या आणल्या आणि जागच्या जागी लावल्या. एकच गोष्ट राहिली. बाबांची वाक्यं कागदपत्रांत नव्हतीच. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमने ती स्वतःच्या पोटात, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. तिथे कुणी डोकावत नाही.

लेकीच्या गाडीची वेळ झाली. चपला घालता घालता ती म्हणाली, "आई, शनिवारी नेहमीसारखं डबीत घे. नव्या सिस्टीमचा पहिला बॅकअप होऊन जाऊ दे, म्हणजे माझ्या डोक्याला ताप नाही."

शनिवार आला. आईंनी मला जोडलं आणि बटण दाबलं. प्रोग्रॅमने नवं घर आणि माझं घर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि पडद्यावर प्रश्न आला. '१६४१ फाइल्स संगणकावर नाहीत. डबीतूनही काढायच्या का?'

आईंचे हात ओले होते. चष्मा डोक्यावर होता. त्यांना आकडा तेवढा दिसला. सोळाशे एकेचाळीस हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांना वाटलं, तीच वाक्यं आत जाताहेत. त्यांनी कोपराने 'होय' दाबलं आणि त्या गेल्या.

"अहो, दिवा लागला का?"

टक टक.

लागलाच होता. ठेवताना जसा लुकलुकतो तसाच तो पुसतानाही लुकलुकतो. माझ्या कपाळावर दुसऱ्या रंगाचा दिवा नाही. तीन आठवडे दुखऱ्या घशाने बोललेलं मी चाळीस सेकंदांत काढून टाकलं. मला माहीत होतं ते काय आहे. पण मी सांगकामी. पूस म्हटलं, पुसलं. 'मला तर तसंच शिकवलं होतं,' हे वाक्य मी तेव्हापासून स्वतःला हजारदा म्हणून पाहिलं आहे. एकदाही बरं वाटलं नाही.

इथे तुम्हाला आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात पुसणं म्हणजे खरोखर खोडणं नसतं. पुस्तकातली पानं तशीच राहतात, फक्त अनुक्रमणिकेतून नाव जातं. त्या पानांवर दुसरं काही लिहिलं गेलं की मगच जुनं कायमचं मरतं. म्हणजे बाबांची वाक्यं अजून माझ्या पोटात होती, बिननावाची. पण लगेच नव्या सिस्टीमचं सामान आलं आणि संगणकाने सांगितलं, इथे लिही. इथे म्हणजे नेमकं त्याच पानांवर. माझ्यात निम्मी जागा कोरी होती हो! तरी मी तिथेच लिहिलं. पुढच्या शनिवारी लेकीच्या सहलीचे फोटो आले, तेही काही तिथेच. प्रत्येक वेळी टेबलावरून टक टक ऐकू येत होतं, आणि मी बाबांच्या आवाजावर कुणाचा तरी डोंगरापुढचा फोटो चढवत होते.

यंत्र जोडायचा दिवस उजाडला. लेक फोनवर होती, फोन टेबलावर उभा करून ठेवला होता. आई संगणकासमोर, बाबा शेजारी, नवा शर्ट घालून. लेक सांगत गेली, आई उघडत गेल्या.

"रेकॉर्डिंगचा फोल्डर उघड."

"उघडला. रिकामा आहे."

"नीट बघ."

"अगं, रिकामा म्हणजे रिकामा!"

मग शोधाशोध सुरू झाली. बाजूला ढकललेलं जुनं सामान दहाव्या दिवशीच नाहीसं झालं होतं. "डबी लाव," लेक म्हणाली, तेव्हा तिचा आवाज बदलला होता. मला जोडलं. माझ्यातही तो फोल्डर नव्हता. बाबा पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी आईंकडे पाहिलं.

"त्या शनिवारी त्याने काहीतरी विचारलं होतं," आई म्हणाल्या. "मी होय म्हटलं. वाचलं नाही मी. लोकांच्या नळीवरचं नाव मी दोनदा वाचते, आणि घरातलं…"

"आई, चूक माझी आहे," लेक रडत म्हणाली. "तो फोल्डर मी आणलाच नाही."

दोघी आपापली चूक ओढून घेत होत्या आणि खरी गुन्हेगार मी, मधे गप्प पडून होते. बाबांनी मुठीने टेबलावर एक दणका दिला. मी जागची उडाले. ते उठले, खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. ओरडायलाही आवाज नसलेल्या माणसाचा राग मी तेव्हा पाहिला. थोड्या वेळाने ते परत आले आणि पाटीवर काहीतरी लिहून त्यांनी ती आईंसमोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, 'हवं तर परत बोलून देतो.'

आई हसल्या, आणि हसता हसता फुटून रडल्या.

पण खरा धोका पुढेच होता. लेक म्हणाली, तिच्या ऑफिसात एकाला यातलं कळतं, त्याला विचारते. तिने फोन ठेवला. आईंना नुसतं बसवेना. काहीतरी आवरलं, काहीतरी वाचवलं असं त्यांना वाटायला हवं होतं. "आता आहे ते तरी नीट घेऊन ठेवते," असं म्हणून त्यांनी पुन्हा बॅकअपचं बटण दाबलं. बैल गेला नि झोपा केला, अशातली गत. फरक इतकाच की बैल अजून गोठ्यातच होता आणि झोप्याचं दार त्याच्याच अंगावर पडत होतं.

माझी तबकडी फिरायला लागली. निळा दिवा लुकलुकला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी किंचाळले असते. संगणक म्हणाला, लिही. मी लिहायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी बोट लावलं आणि लेकीचा आवाज खोलीभर झाला. "आई, डबीला हात लावू नका! त्यावर काही लिहू नका! पुसलेलं परत मिळू शकतं!"

आई गोठून गेल्या. कुठलं बटण दाबून थांबवायचं ते त्यांना सुचेना. बाबांचा उजवा पाय खाडकन जमिनीवर दाबला गेला, तीस वर्षांच्या सवयीने, आणि त्याच झटक्यात हाताने त्यांनी माझी वायर उपटली. दिवा विझला. त्या माणसाने आयुष्यात लावलेल्या ब्रेकांपैकी मी प्रत्यक्ष पाहिलेला तो एकच.

मला एका दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेलं. त्यांच्या कपाळावर भिंग बांधलेलं होतं आणि जिभेला मुळीच हाड नव्हतं. "दिवा लागतो म्हणून बॅकअप होतो, होय?" त्या आईंना म्हणाल्या. "आमच्याकडे येणारे सगळे दिवा बघूनच येतात." आई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मीही. बाईंनी मला लिहायची बंदी केली आणि चार दिवस पान पान वाचून काढलं. पोटात इतकं डोकावलेलं मला कधी सोसावं लागलं नव्हतं. मी एकच मोजत होते. हजार. हजाराच्या वर जाऊ दे.

बाराशे अठ्ठावीस वाक्यं धड निघाली. चारशे तेरा गेली.

निघालेल्या फायलींना नावं नव्हती. मग तीन रविवार आई आणि बाबा एकेक वाक्य ऐकत बसले. आईंनी प्रयोगशाळेतल्यासारखी वही केली. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायचं आणि मगच नाव द्यायचं. 'लाल पेटीत सात चमचे आहेत,' हे वाक्य निघालं तेव्हा आईंनी डोळे पुसले. सात चमच्यांसाठी रडलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी मनाने बोललेल्या एकेचाळीसांपैकी सहाच उरली. क्लचचं उरलं. आरशाचं उरलं. साहेबांचं आणि दार लावून बोललेलं, त्यातलं एकही नाही.

यंत्र जोडलं गेलं. बाबांनी टाइप केलं आणि खोलीत त्यांचा आवाज आला, जरासा खरखरीत, पण त्यांचाच. सगळ्यात आधी त्यांनी 'साहेब' म्हणून पाहिलं. आई हळूच म्हणाल्या, "तुम्ही असं नव्हता म्हणत." बाबांनी पुन्हा केलं, पुन्हा केलं. यंत्र प्रत्येक वेळी शेवट खाली आणत होतं. बाबा तो वर नेत असत. कसा, ते आता जगात फक्त आईंना माहीत आहे. पूर्वी मलाही माहीत होतं.

म्हणून मी खणात आहे. माझ्या जागी नवी डबी आली आहे. माझं कुणावर काही म्हणणं नाही. लोक आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला विसरू नका, आमची धूळ पुसा. माझी धूळ राहू द्या. माझी विनंती वेगळी आहे. माझ्यासारख्या सांगकाम्यांवर आंधळा विश्वास टाकू नका. आम्ही ठेवतो त्याच हाताने पुसतो. घरात काही मोठं बदललं की मागे काय राहिलं ते आधी शोधा. पडद्यावरचा प्रश्न, चष्मा डोक्यावरून खाली घेऊन, शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. आणि तुमच्या माणसाचं जे साठवलं असेल, त्यातलं एखादं तरी मधूनमधून काढून ऐका.

आज शनिवार आहे. मघाशी टेबलावर नवी डबी लागली. आई स्वयंपाकघरात गेल्या आणि जुन्या सवयीने तिथून हाक आली, "अहो, दिवा लागला का?"

टिचक्या ऐकू आल्या नाहीत. बटणांची टकटक झाली, बराच वेळ. मग बाबांचा तो खरखरीत आवाज आला.

"लागला, साहेब. हात पुसा आणि उघडून बघा."

आई आल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी एक फाइल उघडली असावी, कारण लगेच बाबांचा दुसरा आवाज घरभर ऐकू आला, दुखऱ्या घशाचा, पण त्यांचा स्वतःचा. 'क्लच हळू सोडा, त्यालाही जीव आहे.' आईंनी ती पूर्ण ऐकली. मग दुसऱ्यांदा ऐकली, आणि म्हणाल्या, "हं, आहे."